तीनशे रुपये रोज, काही न करण्याचे

कापसाच्या दिवसांत आईचा सगळा हिशेब किलोनं चालतो. २०२३च्या हंगामात आमच्याकडे वेचणीचा भाव किलोमागे आठ-दहा रुपये होता. म्हणजे तीनशे रुपये हाती पडायचे तर दिवसाकाठी तीस-पस्तीस किलो कापूस ओटीत यायला हवा. पहिल्या वेच्याला, पऱ्हाटी पांढरीशुभ्र फुटलेली असताना, तो येतो. पुढच्या वेच्यांना बोंडं शोधत फिरावं लागतं आणि संध्याकाळी काट्यावर गाठोडं हलकं भरतं. त्यामुळे नोकरी गेल्यावर मला विम्यातून काही दिवस रोजचे तीनशे मिळणार आहेत, हे सांगितलं तेव्हा तिनं मनातल्या मनात आधी भागाकार केला.

"बसल्या जागी तीनशे? मंग मी कायले वाकू?"

ती हसली, मीही हसले. पण आमच्या गावात या प्रश्नाला हसण्यावारी नेणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला २७३ रुपये होता. शेततळं खणणाऱ्या बाईला २७३ आणि घरी बसलेल्या मला तीनशे. शेजारच्या काकूनं हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

माझी नोकरी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एमआयडीसीत, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होती. आत आलेला माल, बाहेर गेलेला माल, टॅलीत एंट्री, महिनाअखेरीला स्टॉक जुळवणं. पगार अठरा हजार. दिवाळीनंतर कारखान्याची एक लाइन बंद पडली, आमच्यातले बरेच जण घरी आले, आणि मीही खोली सोडून यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी परतले. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

लिहिण्यासारखी आहे ती पगाराच्या चिठ्ठीवरची एक बारीक ओळ: ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, १३५ रुपये. पगाराच्या पाऊण टक्का माझा आणि सव्वातीन टक्के, म्हणजे ५८५ रुपये, कंपनीचे. महिन्याला एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्या सगळ्यांचे हे पैसे कापले जातात, आणि आमच्यापैकी जवळजवळ सगळ्यांची समजूत अशी की ते दवाखान्याचे आहेत. दवाखान्याचे आहेतच. पण १ जुलै २०१८पासून त्याच खात्यात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना नावाचं एक कलम आलं. नोकरी गेली तर आधीच्या सरासरी रोजाचा काही हिस्सा जास्तीत जास्त नव्वद दिवस मिळतो, तोही आयुष्यात एकदाच. सुरुवातीला हा हिस्सा पंचवीस टक्के होता आणि नोकरी गेल्यावर नव्वद दिवस थांबावं लागायचं. करोनाच्या वर्षात, २०२०मध्ये, तो पन्नास टक्के झाला आणि थांबणं तीस दिवसांवर आलं. अर्जावर मालकाची सही लागायची अटही गेली. ज्याच्याकडून नोकरी गेली त्याच्याच दारात सहीसाठी उभं राहणं कसं असतं ते ज्यानं कुणी ओळखलं, त्याचे आभार मानायला हवेत.

दोन वर्षं विम्यात असायला हवं. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्षाचे दोन भाग. नोकरी जाण्याआधीच्या भागात किमान ७८ दिवसांचं योगदान भरलेलं हवं आणि त्याआधीच्या तीन भागांपैकी एकात पुन्हा ७८. माझं बसत होतं. अठरा हजाराचा रोज सहाशे, त्याचे निम्मे तीनशे, नव्वद दिवसांचे सत्तावीस हजार. एसटीत बायकांना त्या वर्षीच्या मार्चपासून अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे नागपूरकडे कागद घेऊन जाणंही परवडलं. अर्ज, आधार, बँकेचं पासबुक आणि एक प्रतिज्ञापत्र: या काळात मी बेरोजगार आहे. दुसरीकडे नोकरी लागली तर लागली त्या दिवसापर्यंतचेच पैसे. आणि खोटं सांगून पैसे उचलले, तर तेव्हाच्या १९४८च्या ईएसआय कायद्याचं कलम ८४: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सही करताना काही वाटलं नाही. बेरोजगार तर होतेच. अडचण गावात आल्यावर सुरू झाली, कारण गावात बेरोजगार कुणीच नसतं.

आमच्याकडे कामाचे दोन प्रकार आईच्या आईपासून चालत आले आहेत. एक सालगड्याचं. गुढीपाडव्याला बोलणी होते, रक्कम ठरते, ज्वारी-गहू ठरतो, आणि मग तो माणूस वर्षभर त्या घरचा. दुपारी बैल सोडल्यावरही तो दुसऱ्याच्या धुऱ्यावर काम करताना दिसला तर मालक बोलतो. त्याचा वेळच विकलेला असतो. दुसरं रोजंदारीचं. आज निंदण, उद्या डवरणी, परवा कुणाच्या घरी लग्नाच्या पोळ्या लाटायला, नंतर चार दिवस काही नाही, मग गुत्त्यानं सोयाबीनची सवंगणी. रोजंदाराला काम 'जात' नाही. ते असतं किंवा नसतं, कधी कधी एकाच दिवसात दोन्ही होतं.

ही योजना, आणि जगातल्या बहुतेक अशा योजना, सालगड्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या आहेत. पाडव्याला लागला, पुढच्या पाडव्याला सुटला, मधले दिवस मोकळा, इतकं साधं. मी सालगडी म्हणून अर्ज केला आणि राहायला रोजंदारांच्या गावात आले.

बाईचं तर त्याहून वेगळं. माझ्यासोबत नोकरी गेलेला आमच्याच भागातला एक मुलगा परतला तेव्हा त्याला चौकात सगळे विचारायचे, "मंग आता पुढं काय बे?" मला कुणी तसं विचारलं नाही. "काऊन वं, सुट्टीवर आली का?" इथपासून "बरं झालं, आता स्थळ पाहाले मोकळं" इथपर्यंत. पोरगी घरी आली म्हणजे ती घरी आली, तिला बेरोजगार कोण म्हणतं? शासनाच्या एका प्रतिज्ञापत्रात मला तसं म्हटलं गेलं याचा मला थोडा अभिमानच वाटला, हे आता लिहायला हरकत नाही.

परतल्यावर आठवडाभरात कामं यायला लागली. शोधली नव्हती. गावात ज्याला कॉम्प्युटर येतो त्याच्याकडे ती चालत येतात.

पहिलं आलं बचत गटाच्या रजिस्टरांचं. आईच्या गटाचं लेखी काम तुंबलं होतं: हप्ते, व्याज, कुणाचं कर्ज किती फिटलं. पैसे कुणी देणार नव्हतं, चहा मिळायचा. मग शेतातली वेचणी. आमचं स्वतःचं चार एकर कोरडवाहू. घरच्या शेतात वेचलेला कापूस कुणाच्या काट्यावर जात नाही, तेव्हा त्याला काय म्हणायचं? मी रोज सकाळी आईबरोबर ओटी बांधून जायचे आणि कागदोपत्री काही न करणारी होते.

तिसरं काम तालुक्याच्या एका कृषी केंद्राचं. दुकानदार काका ओळखीचे. त्यांच्याकडे बियाणं करमुक्त, खतावर पाच टक्के जीएसटी, कीटकनाशकावर अठरा, आणि खरिपाच्या गर्दीत तिन्हींची बिलं एकाच पिशवीत कोंबलेली. दर महिन्याच्या वीस तारखेला रिटर्न. "ताई, दोन घंट्यांचं काम आहे संध्याकाळचं. पाच-सहा दिवस येत जा. महिन्याचे पंधराशे देतो." चौथं काम सगळ्यात मजेशीर: एक कंपनी वऱ्हाडी बोलणाऱ्यांचे आवाज गोळा करत होती. फोनवर वाक्यं येतात, ती आपल्या बोलीत म्हणायची, रेकॉर्ड करून पाठवायची, तासावर पैसे. एका मैत्रिणीनं माझं नाव दिलं होतं.

आता हिशेब बघा. कृषी केंद्रात सहा संध्याकाळी गेले तर पंधराशे मिळणार. त्या सहा दिवशी मी बेरोजगार होते की नव्हते? प्रामाणिकपणे ते सहाही दिवस भत्त्याच्या मागणीतून वगळले तर अठराशे गेले. पंधराशे कमवायला अठराशे मोजायचे. योजनेच्या माहितीपत्रकात नोकरीबद्दल लिहिलेलं आहे, दोन तासांच्या संध्याकाळीबद्दल काही नाही. दिवस म्हणजे आख्खा दिवस. त्याला अर्धा करायची सोय नाही.

माझा चुलतभाऊ म्हणाला, "कोणाले समजते? रोख घे." त्याचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं. आमच्या तालुक्यात कुणी अधिकारी येऊन कृषी केंद्राच्या काउंटरमागे कोण बसलंय ते पाहत नाही. तरीही मला ते पटलं नाही, आणि ते फक्त कलम ८४ला घाबरून नाही. ते पैसे आकाशातून येत नव्हते. बुटीबोरीत माझ्या शेजारच्या मशीनवरच्या बाईचेही दर महिन्याला शंभरावर रुपये त्यातच जात होते, तिची नोकरी अजून टिकून होती, आणि तिच्या पैशांवर मी लबाडी करायची हे मला नको होतं. शिवाय हिशेब लिहिणाऱ्या माणसाला न लिहिलेली नोंद टोचते.

माझ्यासोबत बारावीला असलेला एक जण जर्मनीत आहे. त्याची नोकरी एकदा गेली होती, तेव्हा त्याला तिकडे भत्ता मिळत होता. त्यानं सांगितलेली पद्धत मी दोनदा विचारून घेतली. तिथं बेरोजगार भत्ता घेताना आठवड्याला पंधरा तासांच्या आत काम चालतं. पंधरा तास भरले की तुम्ही बेरोजगार राहत नाही. त्याच्या आत जे कमवाल त्यातले महिन्याला १६५ युरो तुमचे, त्यावरचे भत्त्यातून कापले जातात. अट एकच, काम सुरू करायच्या आधी कळवायचं. "एक फॉर्म आहे," तो म्हणाला, "भरला की झोप लागते." ब्रिटनमध्ये पद्धत अजून निराळी: कमावलेल्या दर पौंडामागे मदतीतून पंचावन्न पेन्स कमी होतात, म्हणजे काम केलं तर हातात काहीतरी जास्त उरतंच. या देशांचं कौतुक करायचं म्हणून हे सांगत नाही, तिथलेही लोक या नियमांवर वैतागलेले असतात. सांगायचं इतकंच की अर्धवट कामाला कागदावर जागा करून देता येते, आणि ती करायला फार मोठी अक्कल लागत नाही.

माझ्या कागदावर ती जागा नव्हती, तेव्हा मी कामालाच कागदाच्या मापात कापलं. काकांना सांगितलं, सहा संध्याकाळी नाही, दोन पूर्ण दिवस येईन, सकाळच्या गाडीनं, रात्रीच्या गाडीपर्यंत. "अवं ताई, संध्याकाळी थोडं थोडं केलं तं तुलेच सोपं नाही का?" सोपं होतं. त्यांनाही सोपं होतं, कारण बिलं रोज येतात आणि रोज लिहिली तर चुकत नाहीत. पण सहा दिवसांऐवजी दोनच दिवस वगळावे लागत होते. डोळे दुखेपर्यंत एंट्री केल्या. ते दोन दिवस मी मागणीत धरले नाहीत, आणि एका साध्या कागदावर तारखा, दुकानाचं काम, मिळालेली रक्कम लिहून अर्जासोबत लावलं. आवकचा शिक्का मारलेली प्रत अजून फाइलमध्ये आहे. एका शहाण्यासुरत्या माणसानं कामाचा आकार कामाच्या सोयीनं न ठरवता फॉर्मच्या सोयीनं ठरवायचा, याला मी नियमाचं यश म्हणायला तयार नाही.

आवाजाचं काम मात्र सोडलं. ते तुकड्यातुकड्यानं होतं: रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटं, दुपारी दहा. पैसे महिन्या-दीड महिन्यानं येणार. ते कुठल्या तारखेचे धरायचे, आणि दहा मिनिटांसाठी तीनशे सोडायचे का, हे सुटेना. मी नाही म्हटलं. ते काम दिग्रसकडच्या एका मुलीला गेलं आणि नव्वद दिवस संपल्यावर मी विचारलं तेव्हा तिच्याकडेच राहिलं, पुढचं आणखी एक कामही तिलाच मिळालं होतं. तिचं काही चुकलं नाही. फ्रीलान्स हा शब्द शहरातून आला असला तरी गावातला नियम जुनाच आहे: जो हाकेला ओ देतो त्यालाच पुन्हा हाक येते. नोकरी सुटलेल्या माणसाला नोकरीकडे किंवा स्वतःच्या धंद्याकडे नेणारी वाट अशा दहा-वीस मिनिटांच्या कामांचीच असते, आणि मदत नेमकी तिथेच म्हणते की थांब, आधी सत्तावीस हजार संपव.

आणि तरीही ते सत्तावीस हजार नसते तर काय झालं असतं, हेही मला ठाऊक आहे. पीएफ तेव्हा नोकरी गेल्यावर महिन्याभरानं पाऊण काढता यायचा, उरलेला दोन महिन्यांनी. माझ्यासोबतच्या बहुतेकांनी तो काढला आणि तो लग्नात, विहिरीत, दवाखान्यात गेला. माझा राहिला. म्हणून मी या योजनेला नावं ठेवत असले तरी ती नको असं कुणी म्हणालं तर भांडेन.

काकूच्या पाहण्याचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं. तिच्यासाठीही कायद्यात बेरोजगार भत्ता लिहिलेला होता, हे मी तिला वाचून दाखवलं. २००५च्या रोजगार हमीच्या कायद्यात काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत मिळालं नाही तर पहिले तीस दिवस मजुरीच्या एक चतुर्थांश, त्यानंतर निम्मा भत्ता. २७३चा चौथा हिस्सा म्हणजे अडुसष्ट रुपये. त्यासाठी काम मागितल्याची तारीख टाकलेली पावती लागायची. नमुना चार भरायचा, नमुना पाचची पोच घ्यायची. ती पोच मिळणं हीच खरी परीक्षा. तारीख पडली की पंधरा दिवस मोजता यायचे, म्हणून बऱ्याच ठिकाणी तारीखच पडायची नाही. मागणी तोंडी राहायची आणि काम निघालं की त्याच दिवशी मागितल्यासारखं दिसायचं. काकूनं ऐकून घेतलं. "अडुसष्ट? त्यात तं येण्याजाण्याचा घामही नाही निघत," म्हणाली, आणि तुरीच्या शेंगा सोलायला लागली.

आईला ही गोष्ट वेगळ्या बाजूनं माहीत होती. ती लग्न होऊन आली तेव्हा नालाबांधाच्या कामावर गेली आहे. ती अजून त्याला 'रोजगार हमी'च म्हणते, केंद्राचा कायदा यायच्या कितीतरी आधीपासूनची. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात ही योजना उभी राहिली, तिच्यामागे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे होते, आणि तिच्या खर्चासाठी म्हणून १९७५मध्ये नोकरदारांवर, व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या पैशांतून आमच्या नाल्यावरच्या टोपल्या मोजल्या गेल्या. माझ्याही पगारातून महिन्याला दोनशे कापले जायचे. २०२३च्या एप्रिलपासून पंचवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्या बायकांना तो माफ झाला. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग आम्ही टोपल्या टाकल्या, तुनं पैसे भरले. आता तुले कोणी देऊन राह्यलं तं लाजून कायले राह्यली?"

लाज नव्हती. पण आई दिवसभर वाकायची आणि मी शेजारच्या ओळीत तिच्याबरोबर वेचत असूनही दिवसाचे तीनशे माझ्या नावावर पडायचे, हे तिच्या उत्तरानं मिटलं नाही. ते मिटायचं तर अडुसष्टचा आकडा बदलायला हवा, माझा तीनशेचा नाही.

त्यानंतर माझी ओळख गावोगावच्या परतलेल्या पोरांत 'ईएसआयवाली ताई' अशी झाली. कुणाचं ना कुणाचं येणं चालू असतं. मी त्यांना आधी एक वही घ्यायला लावते. डाव्या बाजूला तारीख, उजव्या बाजूला काय केलं आणि काय मिळालं. फोनपेवर पैसे येणार असतील तर पाठवणाऱ्याला कशाचे ते लिहायला सांगायचं. प्रश्न पडला तर अर्ज करण्याआधी लेखी विचारायचं, नंतर नाही. केवायसी तपासून ठेवायची, कारण आधारवरचं नाव आणि विम्यावरचं नाव एका वेलांटीनं वेगळं निघालं तरी गाडी अडते. ई-श्रम कार्ड काढू का, असंही काही जण विचारतात. ते असंघटितांसाठी आहे, पीएफ-ईएसआयच्या सभासदाला नाही. म्हणजे विमा होता म्हणून हा पोरगा असंघटित नाही, आणि नोकरी नाही म्हणून संघटितही नाही. त्याला हे समजावताना माझीच जीभ अडखळते.

मागच्या लग्नसराईत एक जण आला होता. हिंगण्याच्या कंपनीतून सुटलेला, अर्ज नुकताच टाकलेला. केटरिंगवाल्याकडे वाढप्याचं काम मिळत होतं.

"ताई, एक रात्र गेलो तं चालते का?"

"पैसे किती?"

"चारशे."

"तारीख लिहून ठेव. तो दिवस मागू नको."

"अन् पैसे नाही भेटले, नुसतं जेवलो तं?"

वहीत त्यासाठी कुठला रकाना पाडायचा ते मला सुचलं नाही. "पोटभर जेव," म्हटलं, "अन् मठ्ठा राह्यला तं माह्यासाठी बाटलीत आण."

त्यानं खरंच आणला.